चाळीस दिवस मागं बोलायचं नाही

आमचे आजोबा रोज पहाटे साडेचारला तालमीत असायचे आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, आणि कोल्हापुरात हे दोन्ही एकाच माणसानं करणं यात कुणाला फार नवल वाटायचं नाही. बाकीचे मारुतीच्या पाया पडायचे तेव्हा हे बाजूला उभं राहून लंगोट आवळत बसायचे म्हणे. वस्तादांनी कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही.

आठवीच्या सुट्टीत मलाही घेऊन गेले. मला वाटलं आता ढाक, धोबीपछाड वगैरे शिकवतील, तर वस्तादांनी हातात फावडं दिलं. हौदातली लाल माती रात्रीतून दबून घट्ट बसते, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू काय काय मुरवलेलं असतं, ती रोज सकाळी उकरून भुसभुशीत करायची, मग जोर, मग बैठका, मग घरी. पहिला महिनाभर मी एकदाही कुणाला हात लावला नाही, फक्त माती उकरली. घरी येऊन वैतागलो तर आजोबा म्हणाले, "अरं, माती उकरून कोण कुस्ती मारत न्हाई. पण न उकरलेल्या मातीवर पाठ आपटली की कळंल तुला."

दिवाळीच्या आत माझं पैलवानकीचं वेड उतरलं. त्याबद्दल आजोबा काही बोलले नाहीत, फक्त खुराकाचे बदाम बंद झाले.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे यंदाचा लेंट, ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस. आमच्याकडं लेंट म्हटलं की पहिला प्रश्न, काय सोडणार? आणि कोल्हापुरात त्याचं उत्तर एकच, मटण. चाळीस दिवस तांबडा-पांढरा नाही म्हणजे जवळजवळ हुतात्माच झाल्यासारखं वाटतं माणसाला, आणि ईस्टरच्या दुपारी सगळी वसुली होते. मीही कितीतरी वर्षं तेच केलंय. खोटं कशाला बोलू, त्यातनं वजन दोन किलो कमी व्हायचं आणि मे महिन्यात परत यायचं, बाकी माणूस होता तसाच.

तर यंदा राखेच्या बुधवारच्या, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसाच्या, आधी सहज बायबलमधलं पौलानं तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र वाचत होतो आणि चौथ्या अध्यायात अडकलो. पौल म्हणतो, सुभक्तीविषयी कसरत कर. हे शंभर वेळा ऐकलं असेल पण कसरत या शब्दावर कधी थांबलो नव्हतो. मूळ ग्रीक शब्द तोच आहे ज्यातनं जिम आलंय. म्हणजे पौल तीमथ्याला भक्तिभावानं डोळे मिटून बस असं म्हणत नाहीये, तो म्हणतोय तालमीत जा. आणि हे तो उगाच म्हणत नसणार. तो ग्रीसमधल्या करिंथ शहरात दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरत. त्या करिंथच्या शेजारीच दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरायचे, पळणं, कुस्ती, मुष्टियुद्ध सगळं, आणि जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पाइनच्या पानांचा मुकुट घालायचे. तो काही दिवसांत वाळून जाणार. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल नेमकं तेच काढतो, की ही पोरं वाळणाऱ्या मुकुटासाठी एवढं सोसतात, आणि आपण? पुढं तो म्हणतो मी आपलं शरीर कुदलतो. कुदलतो! आपल्या मराठी बायबलमधला हा शब्द मला फार आवडतो, अगदी घरचा आहे. मूळ ग्रीकमध्ये तर डोळ्याखाली ठोसा मारणं असा अर्थ आहे.

बरं, पण कुदलायचं काय? मटण सोडून माझं काही कुदललं जात नाही हे एव्हाना सिद्ध झालेलं.

इथं मला बोनहोफर आठवला. डिट्रिख बोनहोफर, जर्मन पाळक, हिटलरच्या विरोधात उभा राहिला आणि ९ एप्रिल १९४५ ला, युरोपातलं युद्ध संपायला महिना राहिला असताना, त्याला फाशी दिली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच्या आधीचा भाग मला जास्त भावतो. १९३५ मध्ये फिंकनवाल्ड नावाच्या गावात तो तरुण पाळकांची एक शाळा चालवायचा. सरकारी चर्चच्या बाहेरची, दोन वर्षांत गेस्टापोनं, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, येऊन टाळं ठोकलं. (शाळा सुरू व्हायच्या आदल्या वर्षी त्याला भारतात यायचं होतं, गांधीजींनी आश्रमात या म्हणून पत्रही पाठवलेलं, पण तो आलाच नाही, शाळेच्या कामाला लागला. आला असता तर काय झालं असतं, हा माझा आवडता रिकामपणचा विचार आहे.) तर त्या शाळेत रोज सकाळी अर्धा तास गप्प बसून बायबलच्या एकाच छोट्या उताऱ्यावर मनन करायचं, आणि आठवडाभर उतारा तोच. पोरं वैतागली, काहींना झोप लागायची. फावडं दिल्यावर माझं झालं तसंच की हे.

आणि दुसरा एक नियम होता. जो समोर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही. चुकून बोललात तर नंतर त्याला जाऊन सांगायचं, की मी तुझ्याबद्दल बोललो. बस्स, एवढाच नियम.

मी म्हटलं हे करू. चाळीस दिवस. मटण चालू.

हिशोब ठेवायला पद्धत उचलली ती जेझुइट या कॅथलिक संघाची, म्हणजे त्यांच्या संस्थापकाची, इग्नेशियसची. आमचे आजोबा कट्टर प्रोटेस्टंट, त्यांना कळलं असतं तर जेवले नसते, पण पद्धत भारी आहे. हा इग्नेशियस मूळचा सैनिक, १५२१ मध्ये तोफगोळ्यानं पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचं सगळं आयुष्य फिरलं. त्यानं जे साधनेचं पुस्तक लिहिलं त्याला सरळ व्यायाम असंच नाव दिलं आणि सुरुवातीलाच लिहिलं की चालणं, पळणं हे जसे शरीराचे व्यायाम तसे हे आत्म्याचे. त्यात एक युक्ती आहे, एकच खोड धरायची आणि वहीत आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला रेघा मारायच्या, दुपारी एकदा आणि रात्री एकदा बसून आठवायचं आणि जितक्या वेळा चुकलं तितके ठिपके द्यायचे. रेघा रोज थोड्या आखूड होत जातात, म्हणजे जागाच कमी कमी. मी ऑफिसच्या डायरीत मागच्या पानावर आखल्या.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत नऊ ठिपके.

आणि मी स्वतःला काही चहाडखोर वगैरे समजत नव्हतो, उलट लोक मला साधा माणूस म्हणतात. पण ऑफिसखाली टपरीवर चहाला उभं राहिलं की जो आज आला नाही त्याच्यापासूनच गाडी सुरू होते, हे आधी लक्षातच आलं नव्हतं. काही वाईट बोलतो असं पण नाही. "त्याचं कर्ज झालं म्हणे पास", "तिचा मुलगा परत बसतोय वाटतं परीक्षेला". सगळं काळजीच्या सुरात. मी गप्प राहिलो तर दोन मिनिटांनी कळलं की आमच्याकडं एकमेकांशी बोलायला दुसरं काही नाहीच. मग पाऊस, रस्त्यातले खड्डे, पेट्रोल. चौथ्या दिवशी एकानं विचारलं, काय रे, घरी काही झालंय का?

सगळ्यात अवघड ताईचा फोन. आमचा आठवड्याचा फोन चाळीस-पन्नास मिनिटांचा असतो आणि त्यात निम्मी मावशी, निम्मे चुलत भाऊ आणि वाटणीचा विषय. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, ताई, ते राहू दे, तू कशी आहेस? ती म्हणाली, मी बरी आहे. मग दोघंही गप्प. फोन सहा मिनिटांत संपला आणि ती रागावली असणार असं वाटून मला रात्रभर बरं वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात सात मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात मात्र सगळं बोलून झाल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय रे, भीती वाटते. हे तिला दोन महिन्यांपासून माहीत होतं. दोन महिने आम्ही दर आठवड्याला पाऊण तास बोलत होतो.

सतराव्या दिवशी मात्र पार आडवा झालो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं माझं काम स्वतःच्या नावावर मीटिंगमध्ये मांडलं आणि मी जेवणाच्या सुट्टीत जे सुरू झालो ते चार जणांपुढं वीस मिनिटं. ठिपके द्यायला जागा उरली नाही, समासात दिले. आणि मग नियमाचा दुसरा भाग. जाऊन सांगायचं. दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी लिफ्टपाशी त्याला गाठून म्हटलं, मी परवा तुझ्याबद्दल बरंच काही बोललो मागं, ते सांगायला आलोय. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मग काय झालं? मी पण बोलतो की तुझ्याबद्दल." आणि लिफ्टमध्ये शिरला. क्षमा नाही, रडारड नाही, काही नाही. मला वाटलेलं काहीतरी गोष्टीतल्यासारखं होईल.

त्या संध्याकाळी वाटलं सोडून द्यावं. आमच्या घराण्यात लहानपणापासून हे बिंबवलेलं, की तारण, म्हणजे मुक्ती, देवाच्या कृपेनं आहे, आपल्या कर्मांनी नाही, मग हे रेघा-ठिपके म्हणजे परत कर्मकांडच की. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, ठिपके देवाला दाखवायला ठेवतोस का? नाही. मग काय अडचण आहे? मला ते पूर्ण पटलं असं नाही. पण फावडं आठवलं. मी माती उकरली म्हणून वस्तादांनी मला पोरगं मानलं असं नव्हतं, आजोबांचा नातू म्हणून मी पहिल्या दिवशीच आत होतो. माती उकरायची ती पडताना हाडं मोडू नयेत म्हणून, आणि पडणार तर आहोतच, रोज. त्या दिवशी माझी माती उकरलेली नव्हती. म्हणजे होती, पण सतराच दिवसांची.

एक गंमत सांगायची राहिली. लेंटच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर शेहेचाळीस होतात, त्यातले सहा रविवार वजा. म्हणून मीही रविवारी सुट्टी घेतली. आणि उपासना सुटल्यावर चर्चच्या कंपाउंडात चहाच्या वेळी जे बोलणं चालतं त्याच्यापुढं ऑफिसची टपरी म्हणजे मौनव्रत आहे. दुसऱ्या रविवारनंतर मी सुट्टी रद्द केली.

शेवटच्या आठवड्यात रोजचे दोन-तीन ठिपके. शून्य एकदाच आला, गुड फ्रायडेला, पण त्या दिवशी तीन तासांची उपासना आणि नंतर डोकं दुखत होतं म्हणून झोपलो, तो धरायचा नाही.

ईस्टरच्या सकाळी कंपाउंडात चहा घेत होतो तर आमच्यातलेच एक काका जवळ आले, खांद्यावर हात टाकला, आवाज खाली केला आणि म्हणाले, "आता संपलं न्हवं तुझं ते? ऐक मग, चाळीस दिवस साठवून ठेवलंय तुझ्यासाठी." आणि ज्याच्याबद्दल साठवलं होतं तो पलीकडंच उभा होता, बिस्किटाचा पुडा फोडत. मी म्हटलं, "काका, थांबा, त्यालाच बोलावतो की इकडं." काका म्हणाले, "खुळा झालायस काय," आणि कप घेऊन दुसऱ्या घोळक्याकडं गेले.

डायरीत रेघा परत आखल्यात. मटण दुपारी झालं.