तान्हा पोळा, मारबत आणि चौदा वर्षांचा मुलगा: माझ्या पहिल्या चित्रपटाची गोष्ट

गेली दोन वर्षे मी माझ्या पहिल्या चित्रपटाची गोष्ट शोधत आहे. चित्रपट कुमारवयीन मुलांविषयी असावा, तो नागपुरात घडावा आणि त्या वयाच्या मुलांनी तो पाहिला तर आपल्याकडे कोणीतरी नीट पाहिले आहे असे त्यांना वाटावे, एवढेच सुरुवातीला ठरले होते. त्या आधारावर मी ब्याण्णव पानांची पटकथा लिहिली आणि गेल्या उन्हाळ्यात ती कपाटात ठेवून दिली.

ती पटकथा माझ्या स्वतःच्या दहावीच्या वर्षावर बेतलेली होती. धंतोलीतली शिकवणी, सायकली, वहीच्या मागच्या पानावरच्या चिठ्ठ्या, अंबाझरीच्या बांधावरची संध्याकाळ, हे सगळे तिच्यात होते आणि त्यातले बहुतेक खरे होते. तरीही ती वाचताना मला सारखे अडखळल्यासारखे होई. कारण सापडले ते अंबाझरीच्या प्रसंगात. पटकथेतली मुलगी तलावाकडे पाहत बराच वेळ गप्प उभी राहते, असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात पंधराव्या वर्षी त्या बांधावर उभी असताना मी तलावाकडे पाहिलेसुद्धा नव्हते. साडेसहाच्या आत घरी पोहोचता येईल का आणि उशीर झालाच तर आईला काय सांगायचे, याचाच हिशेब माझ्या डोक्यात चालला होता. तलावाकडे पाहणारी ती मुलगी म्हणजे चौतिसाव्या वर्षी मागे वळून पाहणारी मी होते. साऱ्या पटकथेभर हेच झाले होते: वय मुलांचे आणि नजर माझी.

त्यानंतर मी लिहिणे थांबवले. महालातल्या एका वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी दोन तास मिळाले. तेथे पालकांना विचारून, त्यांच्या संमतीने तेरा ते सोळा वयाची अकरा मुलेमुली येऊ लागली. मी त्यांना अभिनय शिकवत नव्हते. आम्ही काल काय झाले ते सांगायचो, तेच करून पाहायचो आणि अधूनमधून मी माझे जुने प्रसंग त्यांना वाचून दाखवायचे. एका प्रसंगात एक मुलगा मित्राला विचारतो, "तू माझ्याशी का बोलत नाहीस?" ते ऐकून आठवीतला एक मुलगा मनापासून बुचकळ्यात पडला. तो म्हणाला, "असं कोण बोलते ताई? आपण म्हणतो, काहून बे, बोलून नाही राहिला?"

त्या एका वाक्याने माझे पुष्कळ काम केले. मी नागपूरचीच असूनही संवाद लिहिताना शाळेने शिकवलेली मराठी हाताला आपोआप येत होती. मुलांच्या बोलण्यात "करून राहिला", "मले", "पोट्टे" हे सगळे आहेच, पण इतवारीत वाढलेले मूल दुकानदाराशी हिंदीत, आजीशी वऱ्हाडी वळणाच्या मराठीत, शाळेतल्या बाईंशी जपून प्रमाण मराठीत आणि मित्राशी या तिन्हींच्या मिसळीत बोलते. कोणते मूल कोणापुढे भाषा बदलते आणि कोणापुढे बदलत नाही, यावरूनच त्याचे त्या माणसाशी असलेले नाते कळते. २०२२ मध्ये आलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' या चित्रपटात नागपूरच्या वस्त्यांतली, अभिनयाचे शिक्षण न घेतलेली मुले दिसली आणि ती आपल्याच बोलीत बोलली, तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. तरीही स्वतः लिहायला बसल्यावर ती बोली केवळ रंग म्हणून वापरण्याचा मोह होतो. आता मी संवाद आधी लिहीतच नाही. प्रसंगात कोणाला काय हवे आहे तेवढे लिहिते, मुलांना तो प्रसंग करायला लावते आणि मग त्यांचे शब्द उतरवून घेते.

गोष्ट मात्र अजून सापडली नव्हती. ती सापडली पोळ्यानंतरच्या रविवारी.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान मुले लाकडी बैल सजवतात, स्वतः नटतात, तो नंदी घेऊन घरोघरी जातात आणि मोठी माणसे त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवतात. त्याच दिवशी शहराच्या जुन्या भागातून मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत आणि पिवळी मारबत असे दोन प्रचंड पुतळे वेगवेगळ्या वाटांनी येतात, नेहरू पुतळ्याच्या चौकात त्यांची भेट होते, आणि अखेरीस त्यांचे दहन होते. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. त्यांच्यासोबत मोहल्ल्यामोहल्ल्यांतले बडगे असतात. बांबूच्या कामट्या, तणस, कागद आणि जुने कपडे यांचा हा पुतळा. त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचे रूप त्याला देतात. महागाई, भ्रष्टाचार, एखादा पुढारी, एखादा रोग, यांतले काहीही बडग्याच्या अंगावर येऊ शकते. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून दिलेली आहे.

त्या रविवारी एक चौदा वर्षांचा मुलगा फार गप्प होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मी यंदा नंदी नाही नेला. ते लहान पोट्टे नेतात. पण बडग्याच्या पोट्ट्यांनी मले हात नाही लावू देला." तो दिवसभर घराच्या गच्चीवर बसून राहिला होता.

हे ऐकताच मी वही उघडली. जन्मापासून मी या शहरात हे दोन्ही सण एकाच दिवशी पाहत आले होते, पण त्यांच्या मधोमध एक वय असते आणि त्या वयाला त्या दिवशी जाण्यासाठी एकही मिरवणूक नसते, हे माझ्या कधीही लक्षात आले नव्हते. मुलगा सकाळी लाकडी बैलासाठी मोठा झालेला असतो आणि दुपारी बडग्यासाठी लहान ठरतो. कुमारवय म्हणजे काय, हे मी ब्याण्णव पानांत मांडू पाहत होते. या शहराच्या पंचांगात ते आयतेच मांडून ठेवलेले होते. "कुमारवयीन मुले" हा विषय मी तेव्हाच सोडला आणि पोळ्याच्या संध्याकाळपासून मारबतीच्या दहनापर्यंतचा साधारण चोवीस तासांचा काळ तेवढा हाती धरला.

आता वन-लाइन, म्हणजे एका वाक्यात मांडलेली गोष्ट, अशी आहे: जगनाथ बुधवारीजवळच्या एका गल्लीत राहणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला मोठ्या मुलांच्या बडग्यात घ्यावे असे मनापासून वाटते, ती मुले त्याला घ्यायला तयार होतात, पण बडग्याला घालण्यासाठी त्याने आपल्या वडिलांचा शर्ट आणावा, अशी अट घालतात.

मुलाचे नाव अजून ठरलेले नाही. वडील कोण, हे ठरायलाही चार महिने लागले. पहिल्या खर्ड्यात ते दारू पिणारे होते आणि बडग्या दारूचा होता. मी ती गोष्ट रविवारी सांगितली, तेव्हा नववीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, सगळ्याच पिक्चरमध्ये बाप दारूच पिते." तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. दारू पिणाऱ्या बापाचा राग मुलाला येणारच, प्रेक्षकालाही येणार, आणि मग शर्ट देणे सोपे होऊन बसते. आताच्या खर्ड्यातले वडील एका खासगी सावकारासाठी मोटारसायकलवर रोजची वसुली करतात. घरी ते मायाळू आहेत. मुलीच्या नंदीची चाके तेच दुरुस्त करतात. पण गल्लीतल्या निम्म्या घरांच्या उंबरठ्यावर ते संध्याकाळी वहीत आकडे लिहीत उभे असतात, आणि यंदाचा बडग्या वसुलीवाल्याचा आहे. त्यांचा फिकट हिरवा, खिशावर शाईचा डाग पडलेला शर्ट सगळी गल्ली ओळखते.

काळ्या मारबतीविषयीची एक लोकपरंपरा मला येथे उपयोगी पडली. इंग्रजांना सामील झाल्याचा ठपका असलेल्या नागपूरच्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईंशी ती मारबत जोडली जाते. म्हणजे या शहराने राग काढण्यासाठी जो पुतळा केला, त्याचा चेहरा परक्याचा नसून घरच्याच माणसाचा होता. माझ्या गोष्टीतली मुले हा इतिहास बोलून दाखवणार नाहीत. पण लिहिताना तो मला माहीत असणे गरजेचे होते, कारण ओळखीच्या माणसाला जाळण्यातली अस्वस्थता या सणात आधीपासूनच आहे, मी ती बाहेरून आणून चिकटवलेली नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो एका प्रश्नावर: मुलगा शर्ट देतो, तेव्हा त्याला तो कशासाठी मागितला आहे हे माहीत असते का? माहीत नसेल तर तो फसवला गेलेला मुलगा होतो, आणि आपल्याला त्याची कीव येते. माहीत असेल तर ती त्याची स्वतःची करणी होते. मी दोन्ही प्रकार लिहून पाहिले आणि मुलांना करायला दिले. ज्या मुलाला मी "तुला माहीत नाही" असे सांगितले होते, तो शर्ट देऊन मोकळा झाला. ज्याला "तुला माहीत आहे" असे सांगितले होते, त्याने शर्ट आधी स्वतःच्या अंगात घालून पाहिला. तो कोपरापर्यंत बाह्या वर करत गेला, खिशात हात घातला, मग काढून नीट घडी केली आणि घडी करूनच दिला. मी यातले काहीही सुचवले नव्हते. त्या दिवशी प्रश्न मिटला. शर्ट अंगात घालून पाहणे हा आता चित्रपटातला मधला प्रसंग आहे आणि त्यात एकही संवाद नाही.

मुलींनी मला आणखी एका गोष्टीकडे बघायला लावले. बडग्याच्या गटात त्या कुठे आहेत, असे त्यांनी सरळ विचारले. माझ्या खर्ड्यात शेजारची एक पंधरा वर्षांची मुलगी होती, पण ती फक्त खिडकीत उभी असे. आता बडग्याचा चेहरा तीच रंगवते, कारण गल्लीत तिच्याइतकी चांगली चित्रकला कोणालाच येत नाही; आणि शर्ट आल्याबरोबर चेहऱ्याला मिशी काढायची की नाही, म्हणजे तो माणूस ओळखू येऊ द्यायचा की नाही, हा निर्णय तिच्या कुंचल्यावर येऊन पडतो. गोष्टीतला सगळ्यांत अवघड निर्णय आता तिचा आहे.

चित्रीकरणाचा विचार पटकथेबरोबरच करावा लागतो, हे मी उशिरा शिकले. खरी मिरवणूक वर्षातून एकदाच निघते. ती यंदा टिपायची आणि उरलेला चित्रपट पुढच्या वर्षी करायचा, असे एका अनुभवी छायालेखकाने सुचवले होते. पण वर्षभरात चौदा वर्षांच्या मुलाची उंची वाढते, आवाज फुटतो, ओठावर लव येते. दोन भागांतला मुलगा एकच वाटणार नाही. म्हणून खऱ्या मिरवणुकीत मुलाचा चेहरा दाखवायचा नाही, असे ठरवले आहे. गर्दी, पुतळे, आरोळ्या, ताशे यंदा टिपायचे आणि मुलाचे सगळे प्रसंग पुढच्या वर्षी सलग दिवसांत गल्लीतच करायचे. यामुळे पटकथाही बदलली. शेवटचा भाग आता मुलगा गच्चीवरून ऐकतो. मिरवणूक आपल्याला त्याच्या कानांनी कळते.

त्याची बहीण सात वर्षांची आहे, आणि चौदा वर्षांखालील बालकलाकारांसाठी २०१७ पासूनचे नियम स्पष्ट आहेत: जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, सलग सत्तावीस दिवसांहून अधिक नाही, आणि मानधनातली किमान वीस टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत. मला हे नियम मनापासून योग्य वाटतात. त्यांच्याप्रमाणे मी बहिणीचे प्रसंग चौदावरून आठवर आणले, आणि त्यामुळे नंदी घेऊन दारोदार जाण्याचा प्रसंग, ज्यात ती भावाला ओढत नेते आणि तो तोंड लपवतो, अधिक ठसठशीत झाला.

शिव्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मुले आपसांत बोलतात ते जसेच्या तसे ठेवले तर सेन्सॉरकडून १६+ हा वर्ग मिळण्याची शक्यता मोठी आहे. चित्रपट कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांच्या प्रमाणपत्राचे, ७+, १३+ आणि १६+ असे तीन वर्ग झाले आहेत. ती पालकांसाठी सूचना आहे हे खरे, पण ज्या चौदा वर्षांच्या मुलासाठी मी हे लिहिते आहे, त्याला घरचे या चित्रपटाला पाठवतील की नाही, हे त्या आकड्यावर ठरू शकते. सध्या मी एकेक शिवी तपासत आहे: जी प्रसंगाला पुढे नेते ती ठेवायची, जी केवळ खरेपणाच्या नावाखाली आली आहे ती काढायची. आतापर्यंत चार उरल्या आहेत.

दुसरा खर्डा पंच्याऐंशी पानांचा आहे. शेवटच्या तीन पानांत शर्ट जळताना वडील चौकात उभे असावेत की नसावेत, हे ठरलेले नाही. यंदा पोळ्याच्या रात्री मी आणि ध्वनिमुद्रण करणारी माझी मैत्रीण जगनाथ बुधवारीतल्या ओळखीच्या घरी मुक्कामाला जाणार आहोत. पहाटे पहिली आरोळी कोणत्या गल्लीतून येते, ते आधी ऐकायचे आहे.