आकडा बघायचा, पण डोळाही बघायचा

आज फील्ड टेस्टला एक आजोबा होते. म्हणजे मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं; कुठे किती दिसतं ते त्यावरून कळतं. काचबिंदू, उजव्या डोळ्याची 24-2 (या चाचणीतली ठिपक्यांची एक ठरलेली मांडणी). चाचणी जेमतेम सुरू झाली आणि फिक्सेशन लॉसचा, म्हणजे नजर ढळल्याच्या नोंदींचा, आकडा चढू लागला. सोबत आलेली मुलगी मागून म्हणाली, "बाबा, नीट समोर बघा ना!" ते बिचारे समोरच बघत होते. कॅमेऱ्यात त्यांची बाहुली जागची हलत नव्हती, खालची, नजरेची हालचाल टिपणाऱ्या गेझ ट्रॅकरची रेघही जवळपास सपाट होती.

मशीनचा हिशेब वेगळा असतो. ऑप्टिक नर्व्ह (दृष्टीची नस) जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे डोळ्याच्या आतल्या पडद्याला काहीच दिसत नाही. नजरेच्या केंद्रापासून कानाच्या बाजूला साधारण १५ अंशांवरचा हा अंधबिंदू. मशीन तो सुरुवातीला शोधून ठेवतं आणि मधूनमधून मुद्दाम तिथेच ठिपका टाकतं. पेशंटने बटण दाबलं की नजर ढळली असं धरतं. हायल आणि क्राकाउ या संशोधकांची ही पद्धत हुशारीची आहे, पण ती अंधबिंदूची जागा बरोबर सापडली असेल तरच खरं बोलते. डोकं जरा कललं, तर तो बिंदूही फिरतो. झाकलेल्या डोळ्याची पट्टी सैल असेल, तर तो डोळा ठिपका बघतो आणि ठपका उघड्या डोळ्यावर येतो.

आजोबांचं डोकं खांद्याकडे झुकलं होतं. चाचणी थांबवली, हनुवटी आणि कपाळ नीट टेकवून घेतलं, अंधबिंदू पुन्हा शोधायला लावला. त्यानंतर आकडा वाढलाच नाही.

नजर खरंच ढळते तेव्हा मात्र दुर्लक्ष करून चालत नाही. 24-2 मध्ये ठिपके ६-६ अंशांवर असतात. नजर तीन-चार अंश सरकली, तरी दृष्टी कमी झालेला भाग नकाशावर भलतीकडे उमटतो, आणि त्यावरून आजार वाढला की थांबला हे ठरणार असतं. उजेड दिसला की तिकडे बघणं हा डोळ्याचा स्वभावच आहे. म्हणून मी आधीच सांगते: ठिपका ०.२ सेकंदच असतो, शोधायला गेलात तरी सापडणार नाही. मधल्या दिव्याकडेच बघा, दिसल्यासारखं वाटलं की दाबा. डोळे मिटायचे असतील तर बटण दाबून धरा, मशीन थांबतं. ओरडण्यापेक्षा याने माणूस जास्त स्थिर राहतो.

गोल्डमनच्या १९४५ च्या परिमीटरला (फील्ड टेस्टच्या जुन्या यंत्राला) मागून दुर्बीण होती, तपासणारा तीतून पेशंटचा डोळा बघत बसे. आता कॅमेरा आहे, म्हणून खोलीबाहेर जाऊन दुसरं काम उरकायची सवय लागते. मला ते पटत नाही. २० टक्क्यांच्या वर गेलेला आकडा मशीन खूण करून छापतं, का गेला ते छापत नाही. ते शेजारी बसलेल्यालाच कळतं.

डॉक्टरांसाठी रिपोर्टवर पेनने लिहिलं: "सुरुवातीला डोकं कललेलं. अंधबिंदू पुन्हा शोधला. नजर शेवटपर्यंत स्थिर."