पठार सपाट नसते

पठारावरचा प्रवास म्हणजे सपाटीचा प्रवास, असा माझा पहिल्या लांब सायकलसफरीपर्यंत ठाम समज होता. त्या दिवशी सकाळी जिथून निघाले ते ठिकाण आणि संध्याकाळी जिथे पोहोचायचे ते ठिकाण, दोन्हींची उंची नकाशावर साधारण 900 मीटर होती, मधले अंतर 84 किलोमीटर होते आणि सामान लादलेली सायकल सपाट रस्त्यावर ताशी 15 किलोमीटरने सहज जाते हे मला अनुभवाने माहीत होते. त्यामुळे दुपारनंतर आरामच करायचा, असे मी धरून चालले होते. वाटेत तीन नद्या होत्या. नकाशावरच्या त्या तीन निळ्या रेघा मी पाहिल्या होत्या, पण निळ्या रेघेला खोली नसते, आणि तिच्या दोन्ही अंगांना दाटीवाटीने बसलेल्या समोच्च रेषा, म्हणजे सारखी उंची जोडणाऱ्या रेघा, वाचायची सवय मला तेव्हा नव्हती. तिसरा पूल ओलांडला तेव्हा सूर्य मावळला होता आणि पुढचा सगळा चढ मी अंधारात सायकल ढकलत चढले.

नदीकाठच्या पायऱ्यांना आपण घाट म्हणतो आणि डोंगर उतरणाऱ्या वळणावळणांच्या रस्त्यालाही घाटच म्हणतो, ते किती नेमके आहे हे मला त्या दिवशी कळले. लाव्हापासून बनलेल्या पठारांच्या खडकाला भूशास्त्रात जे ‘ट्रॅप’ नाव आहे, तेही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आले आहे. लाव्हाचे थर एकावर एक आडवे साचलेले असतात. त्यांतला कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, ठिसूळ थर झिजून मागे सरतो, आणि नदी अशा थरांतून खोल उतरत गेली की दरीच्या दोन्ही बाजूंना खरोखरच जिना तयार होतो. सायकलवर ही गोष्ट डोळ्यांआधी पायांना समजते. तीन-चार वळणे अगदी छातीवर येतात, मग अर्धा किलोमीटर रस्ता जवळजवळ आडवा धावतो, श्वास जागेवर येतो, आता माथा आलाच असे वाटू लागते, आणि नेमका तेव्हाच पुढचा थर समोर उभा ठाकतो.

चुनखडीच्या पठारांची तऱ्हा निराळी. दक्षिण फ्रान्समध्ये ‘कॉस’ नावाची जी पठारे आहेत, त्यांच्यामधून तार्न नदीने शेकडो मीटर खोल घळ कापून काढली आहे. त्याच नदीवर मियोजवळ 2004 साली खुला झालेला महामार्गाचा पूल पाण्यापासून सुमारे 270 मीटर उंचीवरून जातो, आणि मोटारीतला माणूस ही सगळी दरी दीड-दोन मिनिटांत मागे टाकतो. सायकलींना महामार्गावर मज्जाव असल्याने सायकलस्वाराने मात्र जुन्या रस्त्याने पार नदीपर्यंत उतरायचे आणि पलीकडून पुन्हा तेवढेच चढायचे. ग्रँड कॅन्यनचे तर बोलायलाच नको. तिथे दोन काठांमधले सरळ अंतर सुमारे 16 किलोमीटर असले, तरी रस्त्याने वळसा घालायचा तर तो 300 किलोमीटरहून जास्त पडतो. आणि ‘ॲरिझोना ट्रेल’ या लांब पल्ल्याच्या वाटेने सायकल घेऊन जाणाऱ्यांना दरीतल्या पायवाटेवर सायकलचे चाक जमिनीला लावायचीही परवानगी नसल्यामुळे ते सायकल पाठीवर बांधून दरी उतरतात आणि चढतात. हे वाचल्यावर माझ्या तीन नद्यांविषयीची तक्रार मी मागे घेतली.

पठारावरचा दिवस किलोमीटरमध्ये नव्हे, नद्यांमध्ये मोजायचा, हा नियम मात्र मी तेव्हापासून पाळते. हिशेब सोपा आहे. माझे, सायकलचे आणि सामानाचे मिळून 100 किलो वजन धरले, तर 300 मीटर उंची गाठायला सुमारे 294 किलोज्यूल काम करावे लागते आणि रस्त्याला वळणे कितीही असली तरी त्यात घट होत नाही. दिवसभर टिकेल असा 100 वॅटचा जोर लावला, तर नुसत्या उंचीपोटीच 49 मिनिटे जातात. सहा टक्क्यांच्या चढावर एवढ्या जोराने सायकल ताशी साडेपाच किलोमीटरने सरकते, म्हणजे साधारण माणसाच्या चालीने. माझ्या पहिल्या सायकलच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढे 34 दात्यांची आणि मागे 28 दात्यांची चकती होती. त्या वेगाला पायडल मिनिटाला जेमतेम 35 वेळा फिरत असे आणि प्रत्येक फेरीला सगळा भार गुडघ्यांवर येत असे. आता पुढे 22 आणि मागे 34 दाते आहेत. वेग तोच, घाट तोच, फक्त पाय मिनिटाला 65 फेऱ्या मारतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे कुरकुरत नाहीत.

गिअरच्या बाबतीत सायकलवाल्यांमध्ये जो एक फुकाचा अभिमान दिसतो, तो आजचा नाही. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे फ्रान्समधले पॉल द व्हिव्ही हे डोंगराळ मुलखात सायकलने हिंडणाऱ्यांसाठी बदलत्या गिअरचा आयुष्यभर आग्रह धरत राहिले, तर गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय, असे शर्यतीच्या जगातले कित्येक जण मानत राहिले. टूर द फ्रान्स या शर्यतीने स्पर्धकांना डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा, वापरायची मुभा दिली ती 1937 साली, व्हेलोसिओ जाऊन सात वर्षे झाल्यावर. सायकल उतरून ढकलण्यातही काही कमीपणा आहे असे मला वाटत नाही; वेग ताशी चारच्या खाली गेला की हँडल डगमगू लागते आणि तोल सांभाळण्यातच निम्मी शक्ती खर्च होते.

उताराचा विचार मी बऱ्याच उशिरा केला. चढताना कमावलेले 294 किलोज्यूल उतरताना कुठे तरी जिरवावेच लागतात, आणि तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी 20 अंशांवरून 90 अंशांपर्यंत तापते. पहिल्या सफरीत भीतीपोटी मी अख्खा घाट दोन्ही ब्रेक हलके दाबून ठेवून उतरले होते. खाली पुलावर थांबल्यावर ब्रेक पॅडला करपलेल्या रबराचा वास का येतो हे पाहावे म्हणून रिमला बोट लावले आणि चटका बसताच मागे घेतले. रिम ब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या कडेवर पॅड दाबणाऱ्या ब्रेकच्या, सायकलवर अशा तापण्याने ट्यूब फुटू शकते, आणि तीही नेमकी वळणावर. आता मी मधल्या सरळ पट्ट्यात ब्रेक पूर्ण सोडते, अंग ताठ करून वारा छातीवर घेते, म्हणजे बरीचशी शक्ती हवाच खाऊन टाकते, आणि वळणाच्या आधी थोडाच वेळ पण ठामपणे ब्रेक दाबते.

नदी ओलांडण्याऐवजी तिच्याबरोबर जावे, हा सर्वांनाच सुचणारा उपाय आहे. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा ‘युरोव्हेलो 6’ हा मार्ग लुआर आणि डॅन्यूब अशा नद्यांचे बोट धरूनच 4,000 किलोमीटरहून अधिक अंतर कापतो, आणि नवख्यांना त्यातला डॅन्यूबचा टप्पा सुचवला जातो तो याच कारणाने. पण नदीच्या वाटेने जायचे म्हटले तरी वाऱ्याशी गाठ पडतेच. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दरीचे उतार तापतात, हवा वर चढू लागते आणि दुपारपर्यंत वारा खालून वर, म्हणजे उगमाच्या दिशेने वाहू लागतो. रात्री तो उलटतो. त्यामुळे नदीच्या प्रवाहाबरोबर उतरणाऱ्याला दुपारी वारा थेट तोंडावर लागतो. ताशी 15 च्या वेगाने जाताना समोरून 20 चा वारा आला, तर हवेचा विरोध शांत हवेतल्यापेक्षा पाचपटीहून अधिक होतो, आणि उतार असूनही पायडल मारत राहावे लागते. म्हणून खोऱ्यात मी पहाटे निघते आणि दुपारी झाडाखाली आडवी होते. मुक्कामही अगदी पाण्याला लागून करत नाही, कारण रात्री थंड, जड हवा दरीच्या तळाशी साचते. 30–40 मीटर वर गेले तरी तंबू सकाळी बराच कोरडा मिळतो.

मोबाइलवरचे नियोजन या मुलखात जपून वापरावे लागते. अनेक उंचीनकाशांचा पाया 2000 साली अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीत आहे आणि तीत जमिनीचे काही दशक मीटर रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला एकच उंची दिलेली आहे; अरुंद घळीत रस्ता आणि कडा एकाच चौकोनात आले की काठाने जाणारा निवांत रस्ताही पडद्यावर करवतीसारखा दिसतो, तर उंच पुलावरचा रस्ता दरीत बुडी मारून आल्यासारखा.

उरतो तो जलविभाजक, म्हणजे दोन खोऱ्यांमधली धार. या धारेवरून जाणारा रस्ता एकही नदी ओलांडत नाही, आणि गेल्या सफरीत मी मुद्दाम तसाच मार्ग आखला. दोन दिवस खरोखरच मोठा चढ लागला नाही. फक्त जिथे नदी नसते तिथे पाणीही नसते, हे मी सहा लिटर पाणी बांधून घेताना जेवढे गंभीरपणे घ्यायला हवे होते तेवढे घेतले नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका बाटलीत चार बोटे पाणी उरले होते आणि डाव्या हाताला, 250 मीटर खाली, नदी खडकांवरून वाहत असल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. सायकलने खाली जावे तर सकाळी 100 किलोंचे ओझे पुन्हा वर आणायचे. शेवटी सायकल दगडाला टेकवून कुलूप लावले, रिकाम्या बाटल्या पाठपिशवीत भरल्या आणि हातात बॅटरी घेऊन पायवाटेने उतरू लागले.