धन्य आहे!

आमच्या घरात ‘धन्य’ हा शब्द दोन सुरांत चालायचा. रविवारी सकाळी चर्चमध्ये पाळकसाहेब डोंगरावरील प्रवचन वाचायचे, ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’, तेव्हा तो अगदी सावकाश, पांढऱ्या झग्याला शोभेल असा यायचा. दुपारी घरी तोच शब्द आईच्या तोंडून यायचा : ‘पुन्हा ओला टॉवेल गादीवर? धन्य आहे बाबा तुझी!’

सात-आठ वर्षांच्या पोराला यातला फरक कसा कळणार? मला प्रामाणिकपणे वाटायचं की येशूही कपाळाला हात लावूनच बोलतोय. दीन धन्य, शोक करणारे धन्य, लोकांनी छळलं तरी गप्प बसणारे धन्य. म्हणजे आमच्या आईच्या भाषेत, ‘काय म्हणावं या लोकांना!’ बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, हा शब्द ओळीनं नऊ वेळा येतो. नऊ वेळा धन्य म्हणवून घेणारी माणसं नक्की काहीतरी भयंकर करून बसली असणार, अशी माझी खात्री होती.

पुढे कळलं की मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘मकारिओस’ आहे. तो आशीर्वाद नव्हे. ‘तुझं बरं होवो’ असं त्यात काही नाही; ‘तुझं बरंच आहे, तुला ठाऊक नसेल इतकंच’ असा त्याचा रोख. आशीर्वाद देण्यासाठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे, आणि त्याची फोड केली तर निघतं नुसतं ‘चांगलं बोलणं’. मला हे फार आवडलं. चांगलं बोलायचं, बस्स. सोपं वाटतं ना? आमच्या आजीलाही वाटलं होतं.

आजी नगरची. (सरकारदरबारी आता अहिल्यानगर झालंय, पण आजीच्या गोष्टी नगरातच घडतात, त्याला माझा इलाज नाही.) अमेरिकन मराठी मिशन तिथं 1831 साली आलं, त्यामुळे नगरकडच्या ख्रिस्ती घरांत बायबल जुनं आणि बोली अस्सल गावरान. आजी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायची आणि सोमवारी पहाटे वाड्याच्या नळावर भांडायची. पाणी साडेचारला यायचं. हंडे, कळशा, पत्र्याच्या बादल्या रात्रीच रांगेत लागायच्या आणि पलीकडच्या काकूंचा हंडा पहाटेपर्यंत दोन जागा पुढे सरकलेला असायचा. कसा, ते परमेश्वरालाच ठाऊक. मग आजीचा पट्टा सुरू. मुडदा, मढं, सात पिढ्या, सगळं यथासांग.

एकदा मुलांना शिकवायला तिच्या वाट्याला बायबलातल्या रोमकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलानं रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, बारावा अध्याय आला. ‘तुमचा छळ करणाऱ्यांना आशीर्वाद द्या, आशीर्वादच द्या, शाप देऊ नका.’ तो ‘च’ तिला लागला. ‘नुसतं द्या म्हटलं असतं तर चाललं असतं गं,’ ती आईला म्हणाली, ‘पण पौलानं पळवाटच ठेवली नाही.’ सोमवारी पहाटे हंडा सरकलेला दिसला. आजीनं पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि नेहमीच्याच पट्टीत ओरडली, ‘तुझं कल्याण होवो गं भवाने! तुझे हंडे उतू जावोत! तुझ्या सात पिढ्यांना पाणी कमी न पडो!’

नळावर सन्नाटा. शिव्यांना उत्तर असतं, याला काय देणार? काकू जरा वेळानं हळूच म्हणाल्या, ‘आजी, सरळ शिव्या द्या की ओ. हे ऐकून भ्या वाटतं.’

पुढे कित्येक वर्षं हेच चाललं. शब्द सगळे शास्त्राप्रमाणे, चाल जुनीच. रात्री प्रार्थनेला बसल्यावर आजी स्वतःचा निकालही सांगायची : ‘आज पास. पण काठावर.’

मी बघितलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. एका पावसाळ्यात काकू तापानं अंथरुणाला खिळल्या. पहाटे मी आजीबरोबर नळावर गेलो होतो. तिनं आपल्या कळशा बाजूला सारल्या, काकूंचा हंडा ओढला, आत हात घालून बघितला. तळाला बोटभर शेवाळ. तिथंच बसून तिनं तो राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासला, तीनदा खंगाळला, भरला आणि त्यांच्या दाराशी नेऊन ठेवला. तोंडातून अवाक्षर नाही. इथं गोष्ट संपली असती तर मी तिला संतपद देऊन मोकळा झालो असतो. पण पुढचा आठवडाभर आजीनं वाड्यातल्या प्रत्येक बाईला त्या शेवाळाची हकिगत सांगितली. रंगासकट. मग शनिवारी याकोबाच्या पत्रातलं ‘एकाच मुखातून आशीर्वाद व शाप निघतात’ वाचून जीभ चावली, आणि नंतर पुन्हा सांगितली.

नगरकडं असल्या वागण्याची मोठी परंपरा आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक तिथलेच म्हणायचे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो असं सांगायचा, आणि हातात असेल ते देऊन टाकायचा. ते निस्तरायचं कोणी? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. घरातला एक माणूस पहिल्या अर्थानं धन्य झाला की बाकीच्यांवर दुसऱ्या अर्थानं ‘धन्य आहे!’ म्हणायची पाळी येते. प्रवचनांत ही बाजू कुणी फारशी सांगत नाही. स्वयंपाकघरात सांगतात.

रोमकरांस पत्रातच आणखी एक वाक्य आहे. संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा. हे ‘शील’ मला कायम इस्त्री केलेलं वाटायचं, शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहितात तसलं. पण तिथला ग्रीक शब्द धातू पारखण्याशी नातं सांगणारा आहे. म्हणजे आपल्याकडचा ‘कस’. सोनार कसोटीवर सोनं घासतो आणि दगडावर उमटलेली पिवळी रेघ बघतो. ती रेघ सोन्याचीच असते, तेवढं सोनं दगडावर सोडावं लागतं. आजीचं बरंच सोनं त्या नळावर गेलं असणार. काकू म्हणजे चांगलाच खरबरीत दगड होत्या. (काकूंच्या बाजूनं पाहिलं तर आजीही होतीच.)

आता मी पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. नळ घरात आहे, रांग नाही, तेव्हा वाटलं होतं आपली परीक्षा टळली. पण वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना कुंड्यांचा नाद. ते रोज सकाळी झाडांना पाणी घालतात आणि ते माती कालवून माझ्या वाळत घातलेल्या शर्टांवर उतरतं. गेल्या महिन्यात चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी गुलाबाच्या फुलासकट ‘परमेश्वर तुम्हाला आशीर्वाद देवो व तुमचे संरक्षण करो’ पुढे पाठवलं आणि त्याच मिनिटाला सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्याबद्दल जे लिहिलं ते इथं लिहीत नाही. एकाच अंगठ्यातून. याकोबाच्या वेळी मोबाईल नव्हते म्हणून बरं.

लिफ्टमध्ये भेटले की ते विचारतात, ‘अजून पडतं का हो पाणी?’ मी म्हणतो, ‘पडतं.’ ते म्हणतात, ‘बघतो.’ तीन महिने बघताहेत.

परवा सकाळी धो-धो पाऊस होता. पेपरवाल्यानं पेपर गेटपाशीच टाकले होते. माझा उचलला आणि शेजारी त्यांचा दिसला, नावासकट, एका कडेनं भिजत चाललेला. मी तो तिथंच ठेवला. चार पावलं गेलो. परत आलो, उचलला, शर्टाच्या आत धरला. त्या दिवशी लिफ्टही बंद होती. चार जिने चढून पेपर त्यांच्या दाराच्या कडीत कोरडा खोचला.

जिना चढताना मी सतत काहीतरी पुटपुटत होतो. शब्द सगळे आशीर्वादाचेच होते. चाल मात्र नळावरची.