भिंतीवरचं बी

आमच्या न्हाणीच्या भिंतीवर ती बारा महिने असतात. काकडीच्या बीएवढी, चपटी, मातकट, मधे जरा फुगीर आन दोन्ही टोकाला निमुळती. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं प्लास्टरचे पापुद्रे सुटून राहिलेत, मी खराट्यानं ओढले आणि मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी राहिलेल्यातला एक पापुद्रा चार बोटं वर सरकलेला! सासूबाईंना ओरडून बोलावलं तर त्या म्हणे, "त्याले काय पाहून राहिली, थे तं रोजच चालते."

झालं, विषय तिथंच संपला, आठ-नऊ वर्षं मीही काही पाहिलं नाही.

यंदा नवरात्रात न्हाणीतल्या बल्बजवळ एक करडं पाखरू बसलेलं दिसलं. तांदळाच्या दाण्याएवढं, पंख कौलासारखे दोन्हीकडं उतरते, त्यावर काळपट ठिपके. मामाजी, म्हणजे माझे सासरे, हातपाय धुवायला आले, मान वर केली आणि निकाल दिला, "बोंडअळीचं पाखरू होय थे. मार."

आता त्यांची चूक नाही. आमच्याकडं २०१७ पासून रात्री दिव्यावर आलेलं प्रत्येक करडं पाखरू आरोपीच असतं. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, बाहेरून हिरवीगार, बोंडं टपोरी, आणि फोडून पाहिलं की आत सरकीत गुलाबी अळी. ती बारीक असतानाच बोंडात शिरते, बोंड वाढतं तसं शिरलेलं भोक बुजून जातं, मग वरून फवारा की काय करा, ती आत निवांत. बोंडअळीला दाद न देणारं बीटी बियाणं २००२ मध्ये आलं, २००६ मध्ये दोन जीनवालं आलं, सगळे निर्धास्त झाले, आणि ओलिताच्या वावरात लोक फरदड, म्हणजे त्याच झाडांचा पुढचा बहार, घेत उन्हाळ्यापर्यंत पऱ्हाटी उभी ठेवायला लागले म्हणजे अळीला वर्षभर जेवणाची सोय. मामाजी अजूनही धुऱ्यावरून चालता चालता डोमकळी, म्हणजे आत अळी असलेलं न उमललेलं फूल, दिसली की तोडतात, पाकळ्या उलगडून अळी दाखवतात आणि चपलेखाली घेतात. बोलत काहीच नाहीत.

मला मात्र शंका होती. वावरात बोंडअळीच्या मादीच्या वासाचे कामगंध सापळे लावलेत, त्यात फक्त नर येतात, एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पाखरं सापडली की फवारणीचा विचार करायचा असा हिशोब असतो. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक मेलेलं पाखरू कागदात गुंडाळून आणलं आणि न्हाणीतलं काचेच्या ग्लासाखाली धरून दोन्हीचे मोबाईलवर झूम करून फोटो काढले. सापळ्यातलं मोठं, तपकिरीकडं झुकणारं, डोकं गुळगुळीत आणि तोंडापुढून दोन मिशा शिंगासारख्या वर वळलेल्या. न्हाणीतल्याचं डोकं म्हणजे झोपेतून उठलेल्या पोराचं, सगळे केस उभे! शिंगं-बिंगं काही नाही. बोंडअळी नक्कीच नव्हती, मग हे आलं कुठून?

उत्तर कॅलेंडरमागं सापडलं. भिंतीवर पार वर एक "बी" चिकटलेलं आणि त्याच्या टोकातून पिवळट, कागदासारखं पोकळ टरफल अर्धं बाहेर लटकलेलं. कोष! म्हणजे इतकी वर्षं मी जे खराट्यानं ओढत होते ते या पाखराचंच लहानपण.

मग काय, आत अळी असलेली ती दोन चालती "बी"ची पाकिटं लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत टाकली, सोबत कोपऱ्यातलं जळमट आणि कंगव्यातले केस. एवढ्यावर भागतं त्यांचं. जुनी जाळी, केस, लोकर, मेलेले किडे. सुती कापडाला म्हणे तोंड लावत नाहीत, आणि प्लास्टर तर नाहीच नाही, ते माझंच अज्ञान. पाकीट अळी स्वतः विणते, आतून रेशमाचं अस्तर, बाहेरून रेती, माती, धूळ, आणि वाढत्या अंगाप्रमाणे सैल करत जाते. माझ्या एका पाकिटावर रांगोळीचा गुलाबी कण होता. डोकं बाहेर काढायचं, पुढच्या सहा पायांनी भिंत धरायची आणि घर मागं ओढायचं. काडीनं डिवचलं की आत, आणि थोड्या वेळानं दुसऱ्याच टोकातून बाहेर! आत वळायला जागा ठेवलेली असते, आमच्या मोरीत ती नाही.

अंड्यातून अळी निघायला साधारण दहा दिवस, अळीपण दीड-पावणेदोन महिने, कोषात पंधरा दिवस. पाखरू झाल्यावर खाणं बंद, काही दिवसांचाच खेळ, जोडी जमली, फटीत अंडी घातली की संपलं. म्हणजे आपण ज्याला पाखरू म्हणून ओळखतो ते शेवटचंच पान.

दिवाळीच्या चार दिवस आधी बाटलीत एक निघालं. मामाजींना दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"खाते काय हे?"

"जाळी-जळमटं. अन् हे तर आता काहीच नाही खात."

"कापूस?"

"नाही खात."

"मंग जाऊ दे त्याले," म्हणाले आणि झाकण स्वतःच काढलं.

न्हाणीला चुना मारणाऱ्या पोराला मी पाकिटं वाचवायला सांगितलं होतं. त्यानं हो म्हटलं आणि दोन-तीन पाकिटांवरून सरळ ब्रश फिरवला. पांढरी झाली बिचारी. त्यातलं एक काल दाराच्या चौकटीपर्यंत पोचलंय.