हॅवलॉकच्या पाण्याखाली: मिशी, कान आणि एक जादा दिवस

दोन वर्षांपूर्वी मालवणात स्कुबा केलं होतं. पाठीला सिलिंडर नव्हताच, होडीतून आलेली नळी तोंडात, दहाएक मिनिटं पाण्यात आणि वर आल्यावर हातात व्हिडिओ. त्यामुळे अंदमानच्या बेतात "झालंय की आपलं स्कुबा" म्हणून मी तो खर्च धरलाच नव्हता. बायकोने धरला होता.

अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम. बोलताना सगळे अजून जुनीच नावं वापरतात, पण तिकिटावर नवं नाव दिसलं तर गोंधळू नका. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खाजगी फेरी बोट दीडदोन तासांत पोचवते. सरकारी बोट स्वस्त आणि संथ. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या, मळमळ सुरू झाल्यावर नाही.

आमची पहिली चूक म्हणजे पोर्ट ब्लेअरच्या एजंटाकडून सगळं पॅकेज एकत्र घेणं. "अर्धा तास स्कुबा" असं त्याने सांगितलं होतं, त्यात पोशाख चढवणं आणि सूचनाही मोजलेल्या निघाल्या. ते रद्द केलं, थोडे पैसे बुडाले. मग बेटावरच स्कूटर भाड्याने घेऊन तीन ठिकाणी स्वतः जाऊन विचारलं. विचारायचे प्रश्न तीनच: एका इन्स्ट्रक्टरमागे माणसं किती (उत्तर 'एक' हवं), पाण्याखाली प्रत्यक्ष मिनिटं किती, आणि तब्येतीचा फॉर्म भरून घेता का. एका ठिकाणी तिसऱ्या प्रश्नावर "कुछ नहीं होता सर" असं उत्तर मिळालं. तिथून निघालो.

जिथे ठरवलं तिथे फॉर्म दोन पानी होता: दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण, चालू औषधं. बायकोला फेरीत सर्दी झाली होती आणि तिने सर्दीची गोळी घेतली होती. तिने ते खरं लिहिलं आणि फॉर्म बघणाऱ्या पोराने तिला सरळ नाही म्हटलं. गोळीने नाक मोकळं वाटतं, पण पाण्याखाली असताना असर उतरला तर वर येताना कानात हवा अडकते, असं त्याचं म्हणणं. दोन दिवस थांबा म्हणाला. ती खट्टू झाली, पण गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार बघून माझा विश्वास बसला.

म्हणून पहिल्या दिवशी मी एकटाच, दोन नंबर बीचसमोरच्या निमो रीफवर (रीफ म्हणजे प्रवाळाचा खडक). इकडच्या किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी पार लांब जातं, त्यामुळे वेळ भरतीवर ठरते. मला सकाळी साडेसहा मिळाली. लवकर वाटेल, पण इथे घड्याळ आपलं आणि सूर्य बर्माजवळचा. साडेसहाला ऊन लख्ख असतं.

कमरेएवढ्या पाण्यात सराव सुरू झाला आणि मास्कमध्ये पाणी यायला लागलं. पट्टा आवळला, तरी तेच. इन्स्ट्रक्टरने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "सर, मूँछ." सिलिकॉनची कड ओठावरच्या केसांवर बसत नव्हती. मिशीवाल्यांनी नाकाखालची चिंचोळी पट्टी आदल्या रात्री वस्तऱ्याने काढून टाकावी, बाकी मिशी शाबूत राहते. व्हॅसलीन चोपडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने सिलिकॉन खराब होतं. मी तेवढी डाइव्ह गळका मास्क नाकाने फुंकून रिकामा करत काढली. डोकं वर, मास्कची वरची कड दाबायची, नाकातून श्वास सोडायचा. जमतं.

खरी अडचण कानाची. चारेक मीटरवर उजव्या कानात सुई खुपसावी तशी कळ आली. पृष्ठभागावर जेवढा दाब असतो त्याच्या दुप्पट तो १० मीटरवर होतो, त्यामुळे प्रमाणात सगळ्यात मोठा बदल सुरुवातीलाच होतो आणि कान तिथेच ओरडतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दर मीटरला, आणि *दुखायच्या आधी*. मी मासे बघायच्या नादात विसरलो होतो. कानाकडे बोट दाखवून आडवा तळहात हलवला, म्हणजे 'इथे अडचण आहे', त्याने मला मीटरभर वर नेलं, 'पुक्' आवाज झाला आणि कळ गेली. जोर लावून फुंकू नका. अंगठा वर केलात तर त्याचा अर्थ 'मस्त' नाही, 'वर चला' असा होतो. मी उत्साहात एकदा केला आणि खरोखर वर निघालो.

दोन दिवसांनी सर्दी गेल्यावर दोघंही बोटीने थोड्या लांबच्या उथळ रीफवर गेलो. त्यासाठी नील बेट रद्द केलं, आणि त्याचं वाईट वाटत नाही. यावेळी मास्क कोरडा, कान ठीक, आणि मुख्य म्हणजे श्वास संथ. तेव्हा कुठे बघणं सुरू झालं. समुद्रफुलाच्या बोटांत क्लाउनफिशची जोडी होती. त्यातली मोठी माझ्या मास्कवर चाल करून आली. ती मादी. कळपात सगळ्यात मोठी मादीच असते आणि ती मेली की तिचा नर मादी होतो. मागून कुरुम-कुरुम आवाज येत होता, कुणी चणे खातंय तसा. पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगाने धावतो, त्यामुळे दिशा कळत नाही. मी सगळीकडे मान वळवली. शेवटी दिसला: हिरवानिळा पॅरटफिश, चोचीने प्रवाळ खरवडत होता. थोड्या वेळाने त्याने मागून पांढऱ्या वाळूचा धूर सोडला. आदल्या संध्याकाळी आम्ही पाय पसरून बसलो होतो त्या वाळूचा उगम कळला.

सगळंच रंगीत नव्हतं. मधे मधे राखाडी, मोडक्या फांद्यांचे ढीग आहेत. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापून इथला बराच प्रवाळ पांढरा पडला होता. शिवाय लाल रंग पाण्यात लवकर विझतो, म्हणून फोटोंतल्यासारखं लालभडक काही दिसत नाही. फोटो टॉर्चच्या उजेडातले असतात.

श्वास मात्र कधीही रोखू नका, वर येताना तर नाहीच. १० मीटरवर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्या. आम्ही ते तास सेल्युलर जेलला दिले. सावरकरांची कोठडी बघायची होतीच.

किनाऱ्यावरून माणशी साडेचार हजार पडले, बोटीने जास्त. नोटा जवळ ठेवा, एटीएमवर विसंबू नका. प्रवाळाचा तुकडा, मेलेला का असेना, पिशवीत टाकू नका. वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

पोहता येत नसलं तरी ही चाचणी डाइव्ह करता येते. पुढच्या ओपन वॉटर कोर्सला (डायव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र) मात्र २०० मीटर पोहून दाखवावं लागतं. बायको सध्या पालिकेच्या तलावात रोज सकाळी सराव करतेय. मला १०० लाच धाप लागते.