नानांच्या विहिरीजवळची बारा झाडं

मी रावेर तालुक्यात कृषी सहायक आहे. ऑगस्टची झड लागली की आमचे फोन वाजू लागतात, ‘ताई, हरण्या आला.’ हरण्या म्हणजे केळीवरचा कुकुंबर मोझॅक विषाणू. पानावर पिवळे पट्टे येतात, पुढे पोंगा, म्हणजे शेंड्याचं न उलगडलेलं पान, सडतो. त्या दिवशीही नानांच्या मृगबागेत त्यासाठीच गेले होते. चिखलातून एकेक ओळ पाहिली, दहा-बारा झाडं उपटायला सांगितली आणि निघाले.

विहिरीजवळ बारा झाडं वेगळी दिसली. खोड लालसर.

“लाल केळी आहे, ताई. यात्रेला गेलो तेव्हा कन्याकुमारीहून मुनवे, लावायची पिलं, आणले. रेल्वेत सीटखाली, गोणपाटात,” नाना कौतुकाने म्हणाले.

त्यातल्या दोन झाडांची पानं आखूड, अरुंद आणि ताठ होती, शेंड्याला गुच्छ बांधल्यासारखी. मी एक पान उलटं केलं, मधल्या शिरेवरची पांढरी भुकटी अंगठ्याने पुसली आणि डोळ्याजवळ धरलं. गडद हिरव्या तुटक रेघा, मध्ये ठिपके. बारीक शिरा मधल्या शिरेला मिळतात तिथे आकड्यासारखं वळण. हा पर्णगुच्छ, केळीचा दुसरा विषाणूरोग. मी तो तोवर प्रशिक्षणातल्या फोटोतच पाहिला होता. खोडावरून मुंग्यांची रांग चढत होती. तिच्या मागे गेले, तर जुन्या पानाच्या बेचक्यात काळपट मावा. एकदा विषाणू घेतलेला मावा मरेपर्यंत तो पसरवतो, आणि वीस पावलांवर नानांची तीन एकर बाग.

वरिष्ठांना फोन केला. “उपटून टाकायला सांगा,” एवढंच उत्तर मिळालं. इथेच आमचं खातं चुकतं. झाड हलवलं की मावा उडून शेजारच्या बागेत बसतो. आधी फवारणी, मावा मेल्याची खात्री, मग कंदासकट खणणं, तुकडे करणं आणि पुरणं. मी संध्याकाळपर्यंत तिथेच थांबले. बाराही झाडं काढली. दहा निरोगी दिसत होती, पण आजारी मुनवाही सुरुवातीला निरोगीच दिसतो. नमुना तपासणीला पाठवला, अहवालाची वाट पाहिली नाही.

खणताना नानांनी विचारलं, “आणायला बंदी होती का?”

होती. किडी-रोगांच्या १९१४ च्या कायद्याखाली १९५९ पासून तामिळनाडू, केरळ, आसाम, ओडिशा आणि पश्चिम बंगालमधून केळीचे मुनवे, खोड, पान बाहेर नेता येत नाही. फळ चालतं. परदेशातून रोप आलं तर बंदरावर कागद तपासतात, विलगीकरणात वाढवतात. पण भुसावळला उतरणाऱ्या गोणपाटात काय आहे, हे कोणी विचारत नाही. यात्रेकरूला नियम माहीत नसतो आणि आम्हीही कधी ग्रामसभेत तो वाचून दाखवला नाही.

मी पुढे हेही सांगितलं की १९६१ पासून अशीच बंदी महाराष्ट्र आणि गुजरातवर आहे. मोझॅकमुळे आपले मुनवेही राज्याबाहेर द्यायचे नाहीत.

नानांनी कुदळ खाली ठेवली. “मग मी मागच्या वर्षी बऱ्हाणपूरच्या व्याह्यांना दोन ट्रॉल्या दिल्या, त्यांचं काय?”

मला उत्तर सुचलं नाही. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, पण रावेरहून तासाभराच्या आत येतं. लेकीच्या घरी मुनवे देणं म्हणजे इथे घरचं धान्य देण्यासारखं. त्याला कोण परवाना मागणार? माझ्या अहवालात मी फक्त बारा झाडं लिहिली. ट्रॉल्या लिहिल्या नाहीत. नानांवर काही येऊ नये असं मनात होतं, आणि ते बरोबर केलं का, हे अजून ठरत नाही.

चार दिवसांनी नानांकडून नंबर घेऊन व्याह्यांना फोन लावला. हद्द माझी नव्हती. पानावर पिवळे पट्टे दिसतात का, असं विचारलं.

“दिसतात की,” ते म्हणाले. “पण ते खत कमी पडल्यामुळे ना? दुकानदाराने तसंच सांगितलं. आता पिलं चांगली निघाली आहेत, तीही पाहुण्यांना द्यायची आहेत.”

मी म्हटलं, “देऊ नका. मी रविवारी येते.”